सातवीतल्या ५४ गोष्टी एकसारख्या का आल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नागपुरातले कथाकार, एक संग्रह प्रसिद्ध झालाय. मानेवाड्याकडच्या एका मराठी शाळेनं सातवीच्या वर्गावर तुम्हाला सहा तासिका दिल्या. पहिल्या तासिकेत तुम्ही गोष्ट सांगितली, मुलं रंगून गेली, टाळ्या पडल्या. मग ‘आता तुम्ही तुमची गोष्ट लिहा’ म्हणालात आणि हाती ५४ कागद आले. बहुतेकांत दोन मित्र, एक जंगल, एक साधू. शेवटी ‘आणि मला जाग आली’, नाहीतर ‘तात्पर्य : नेहमी खरे बोलावे’. मुलांची कल्पनाशक्ती मोबाइलनं खाऊन टाकली का, आणि उरलेल्या पाच तासिकांत काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

कल्पनाशक्ती शाबूत आहे. मधल्या सुट्टीत त्याच मुलांच्या आसपास थोडा वेळ उभे राहा. काल रात्री गल्लीत कोण कोणाशी भांडलं, गणपतीच्या मंडपात साप कसा निघाला, हे ती अशी सांगतात की आपल्याला ठरवूनही तसं सुचणार नाही. मग कागद पुढे आला की साधू कुठून येतो? कागद तपासायला जातो, हे त्या मुलाला दुसरीपासून माहीत आहे म्हणून. तपासणाऱ्याला शुद्धलेखन, दोन सुविचार आणि चांगला शेवट आवडतो, हेही त्याला ठाऊक आहे. तुम्ही मोठे, पाहुणे, वर तुमच्या ओळखीत ‘साहित्यिक’ हा शब्द आलेला. त्यानं आपल्याकडचं सगळ्यात सभ्य, सगळ्यात सुरक्षित ते तुम्हाला दिलं. त्या ५४ मुलांनी तुमचा अनादर केलेला नाही, उलट फार आदर केलाय.

त्यामुळे तुमचा खरा प्रश्न ‘गोष्टी कशा सुचवू’ असा नाहीच. तुम्ही तपासायला आलेले नाही, वाचायला आला आहात, हे त्यांना कसं पटवायचं, हा आहे. पाहुणा लेखक शाळेत जाऊन असं काय करतो जे वर्गशिक्षकाला जमत नाही? कथेची तंत्रं शिक्षकालाही पुस्तकातून शिकवता येतात. पण शिक्षकाला गुण द्यावेच लागतात, आणि तुमच्या हातात गुण नाहीत. तुमच्यापाशी असलेली ही एकमेव मोठी गोष्ट आहे. बाकी सगळे खेळ आणि युक्त्या तिच्यामागून येतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. वर्ग ३० चा असेल तर एक पद्धत, ६० चा असेल तर दुसरी. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत घरची बोली वेगळी असते; इंग्रजी माध्यमात मुलं मराठीत लिहायलाच बिचकतात. तिसरी-चौथीची मुलं असतील तर मी खाली लिहिलेलं निम्मं सोडून देईन आणि बोलण्यावर, चित्रावर भर देईन. आणि शाळेनं एकच तासिका दिली असेल तर मी मुलांकडून काहीही लिहून घेत नाही. मनापासून एक गोष्ट सांगते आणि घरी येते. साने गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी साने गुरुजी कथामाला उभी केली, तिच्यातून महाराष्ट्रातल्या किती तरी पिढ्यांनी शाळेत नुसती गोष्ट ऐकली. नुसतं ऐकणं हे पूर्ण काम आहे. त्याला शेवटी एक कागद जोडून त्याची किंमत वाढत नाही. तुम्हाला सहा मिळाल्यात म्हणून लिहून घेण्याचं बोलू.

सुरुवात आलेल्या कागदांपासूनच करा. ते टाकून देऊ नका. घरी बसून सगळे वाचा, हातात लाल पेन घेऊ नका, शिसपेन्सिल घ्या. प्रत्येक कागदावर एकच वाक्य अधोरेखित करायचं: त्या मुलाशिवाय दुसऱ्या कोणाला लिहिता आलं नसतं असं. शुद्धलेखनाला हात लावायचा नाही, शेरा मारायचा नाही. साधूच्या गोष्टीतही असं वाक्य सापडतं. ‘साधूची चप्पल एका अंगठ्याची होती.’ ‘जंगलात इतकी शांतता होती की मला माझ्याच दप्तराचा आवाज आला.’ कधी सापडत नाही, तेव्हा निदान एक शब्द शोधा. पुढच्या वेळी गेल्या गेल्या ही वाक्यं नावं न घेता मोठ्यानं वाचा, कौतुकाचं भाषण न करता, एकेका वाक्यानंतर थोडं थांबून. वर्गात काय होतं ते तुम्हाला दिसेलच. ज्याचं वाक्य आहे तो ताठ बसतो. आणि बाकीच्यांना कळतं की या बाईला किंवा या सरांना तात्पर्य नकोय, चप्पल हवीय. पुढचे सगळे कागद बदलायला बहुतेक वेळा एवढं पुरतं. रात्री ५४ कागद वाचणं कंटाळवाणं आहे, पण पाहुण्या लेखकाचं मुख्य काम तेच आहे असं मी मानते. व्यासपीठावरचं काम त्या मानानं सोपं.

दुसरं म्हणजे ‘गोष्ट लिहा’ हे सांगणं फार मोठं आहे. तुम्ही स्वतः एक कथा लिहायला किती दिवस घेता? त्यांना पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, हजेरी-सूचना वजा जाता राहिलेल्या वेळात, सुरुवात-मध्य-शेवट मागितलात. एवढ्या वेळात पूर्ण गोष्ट मागितली की मूल तयार साचाच उचलणार, दुसरा इलाज नाही. ‘जाग आली’ हा शेवटसुद्धा त्यातूनच येतो: घंटा व्हायला आली, बाहेर पडायची वाट सापडत नाही. म्हणून मी गोष्ट मागतच नाही. गोष्टीतली एक जागा मागते, पाच-सात वाक्यांची.

ती जागा कशी मागायची, त्याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. सातवीच्या मुलांना ती बाळबोध वाटते, पण मी सुरू केली की तीच पुढे म्हणायला लागतात: काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ इथे मी थांबवते. या गोष्टीत चिऊ सारखी बोलते. दाराबाहेर उभा असलेला कावळा मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. तो तिथे किती वेळ उभा आहे? कशावर उभा आहे? त्याच्या हातात काय आहे? भिजल्यावर त्याच्या अंगाला कसला वास येतोय? आतून कसला वास येतोय? हे प्रश्न आधी तोंडी. हात वर करायचा नाही, ज्याला सुचेल त्यानं बोलायचं. दहा मिनिटं नुसता गोंगाट चालतो, तो चालू द्यायचा. मग कागद.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते तुम्हाला आठवत असेलच. त्यानंतरच्या हिवाळ्यात नदीकाठच्या भागातल्या एका वर्गात मी हाच खेळ घेतला होता. एका मुलानं लिहिलं : ‘कावळा दारात उभा होता. त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. टीव्ही वाहून गेला. रिमोट वर ठेवला होता म्हणून राहिला. तो बटण दाबून पाहत होता.’ एवढंच. त्याला मी पूर आला तेव्हा तुला काय वाटलं असं विचारलं असतं, तर ‘मला खूप वाईट वाटले’ असं उत्तर आलं असतं, आणि तेही खरंच असतं. पण ‘हातात काय होतं’ असं विचारलं म्हणून रिमोट आला.

या उदाहरणात तीन गोष्टी आहेत, त्या ध्यानात घ्या. एक, भावना विचारायची नाही, वस्तू विचारायची. भावना वस्तूला धरून येते. दोन, गोष्टीतल्या ज्याला बोलू दिलं गेलं नाही त्याला बोलायला लावायचं. कोणत्याही लोककथेत असा एकजण असतो, म्हातारीच्या भोपळ्यापासून राजाच्या नावडत्या राणीपर्यंत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: कावळ्याआड उभं राहायची सोय होती. ज्याला स्वतःच्या घराबद्दल लिहायचं होतं त्यानं लिहिलं, ज्याला नव्हतं त्यानं निव्वळ कावळ्याबद्दल लिहिलं, आणि कोणी कोणत्या बाजूला आहे हे मी विचारलं नाही. मुलांना ‘तुमच्या आयुष्यातला दुःखद प्रसंग लिहा’ असं सांगणारे कार्यक्रम मी पाहिलेत. ते मला पटत नाहीत. आपण दोन तासांनी निघून जातो, ते मूल त्याच बाकावर बसणार असतं.

अर्धी गोष्ट सांगून ‘पुढे काय झालं ते लिहा’ हा प्रकार तुमच्या मनात असेल, सगळ्यांच्याच असतो. तो मी टाळते. तुमच्या गोष्टीचा वेग इतका असतो की सगळी मुलं त्याच रुळावरून पुढे जातात आणि पुन्हा ५४ सारख्या गोष्टी येतात. तुम्ही गोष्ट जितकी छान सांगाल तितकं हे जास्त होईल.

आपल्या नागपूरकडे एक आयता नमुना आहे, तो वापराच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे पीडा घालवायला मिरवत नेलेले मोठे पुतळे, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात, आणि आरोळी असते ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’. सगळ्या मुलांनी ती ऐकलेली असते, बहुतेकांनी दिलेलीही असते. कविता कशी लिहायची हे समजावण्यापेक्षा फळ्यावर ‘घेऊन जा गे मारबत’ लिहायचं आणि त्याच्या आधीची ओळ ज्याची त्यानं घालायची. एकच अट: घालवायची ती गोष्ट आपल्या घरातली, गल्लीतली किंवा वर्गातली पाहिजे. ‘भ्रष्टाचार’, ‘प्रदूषण’ हे शब्द भाषणातले, ते आज सुट्टीवर. मग ओळी येतात:

आबाजीचा खर्रा घेऊन जा गे मारबत
ट्यूशनच्या सरांची स्टीलची पट्टी घेऊन जा गे मारबत
आई रात्री हिशोब करते ते घेऊन जा गे मारबत
मॅच सुरू झाली की जाणारी लाइन घेऊन जा गे मारबत

एकेकानं एकेक ओळ म्हणायची, ‘घेऊन जा गे मारबत’ सगळ्या वर्गानं. ज्याला लिहिता येत नाही त्याचीही ओळ यात बसते. पुनरावृत्ती मुलाला सांभाळून घेते, त्याला यमक जुळवत बसावं लागत नाही आणि कविता तर होतेच. पावसाळ्यात गेलात तर हा खेळ पहिला घ्या. एक काळजी मात्र घ्यायची: वर्गातल्या कोणा मुलाचं, शिक्षकाचं नाव घेऊन ओळ करायची नाही, हे आधीच सांगायचं.

तिसरा खेळ इटलीच्या जान्नी रोदारींचा. मुलांसाठी लिहिणारा हा लेखक १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया शहरात शिक्षकांबरोबर बसला आणि गोष्टी कशा जन्मतात यावर बोलला. त्यांची एक युक्ती म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवायचे. त्यांचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मी दोन डब्यांत चिठ्ठ्या ठेवते, मुलांनीच लिहिलेल्या, आणि दोन मुलं एकेक उचलतात. एकदा ‘आत्या’ आणि ‘कूलर’ निघालं. मग विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लावत जायची: आत्याचा कूलर, कूलरमधली आत्या, कूलरसाठी आत्या, आत्याविना कूलर. प्रत्येक जोडीला गोष्ट वेगळी होते. आपल्याकडे चैत्रापासून कूलरशिवाय पान हलत नाही, त्यामुळे ‘कूलरमधली आत्या’ला वर्ग जो हसला, त्या हसण्यातच पुढची गोष्ट ठरली: ती आत्या पाणी संपलं की आतून ओरडते. मराठीच्या बाईंना हा खेळ विशेष आवडतो, कारण विभक्ती इथे घोकावी लागत नाही.

‘जाग आली’ला बंदी घालू नका. बंदी घातली की मूल लिहितच नाही, कारण त्याच्याकडची एकमेव वाट तुम्ही बंद केलीत. त्याला इतकंच विचारा: जाग आल्यावर खिशात काय सापडलं? पुढची दोन वाक्यं तो लिहितो, आणि ती दोन वाक्यं बहुधा आधीच्या सबंध पानापेक्षा चांगली असतात. तात्पर्याबद्दल मी इतकंच सांगते की ते वाचणाऱ्याला काढू द्या, ते त्याचं काम आहे. सातवीच्या मुलांना हे पटतं.

भाषेचा मुद्दा नागपुरात टाळता येत नाही. तुमच्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुलं असतील, हिंदी बोलणारी असतील, कोणी छत्तीसगढी, कोणी हलबी. ‘मले’, ‘काऊन’, ‘जाऊन राहिला’ हे त्यांनी वहीतून खोडायला शिकलेलं आहे. आणि खोडता खोडता बोलणाऱ्या माणसालाही खोडलंय. म्हणून गोष्टीतली आजी ‘बाळा, तू कुठे गेला होतास?’ असं विचारते. त्या मुलाच्या आजीनं आयुष्यात असं वाक्य उच्चारलेलं नाही. माझा नियम सरळ आहे: माणूस बोलेल तेव्हा तो जसा बोलतो तसाच लिहायचा, ‘काऊन रे, कुठी गेल्ता इतका वेळ?’ निवेदन पहिल्या खर्ड्यात जसं येईल तसं येऊ द्यायचं, हिंदी आलं तरी चालेल. प्रमाणभाषेची गरज मी नाकारत नाही. या मुलांना ती परीक्षेत, नोकरीत, अर्जात लागणारच आहे, आणि ती त्यांना न शिकवणं हा त्यांच्यावरच अन्याय होईल. पण ती दुसऱ्या खर्ड्यात, शिक्षकांच्या मदतीनं. पहिल्याच खर्ड्यात शुद्धलेखन पाहायला लागलात की मूल येत असलेलेच शब्द वापरतं आणि लिहिता येणार नाही अशी गोष्ट सोडून देतं.

यावरून वर्गशिक्षकांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख एकदाच आला, ‘बाई मागे वह्या तपासत होत्या’ असा. तुमचे उरलेले पाच तास यशस्वी होतील की नाही, हे त्या बाईंवर तुमच्यापेक्षा जास्त अवलंबून आहे. जाऊन त्यांच्याशी बोला, स्टाफरूममध्ये चहा घ्या. या वर्गात कोणाचे वडील नुकते गेलेत, कोण बोलताना अडखळतं, कोणाला वाचता येत नाही पण ते कोणाला कळू देत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि तुम्हाला नाही. त्यांना विनंती करा की मुलांबरोबर त्यांनीही लिहावं आणि एकदा तरी वाचून दाखवावं. बाई स्वतःची ओळ वाचतात तेव्हा वर्गात जी शांतता होते ती तुमच्या गोष्टीलाही मिळणार नाही. आणि मुलांसमोर शाळेच्या निबंधांची, गाइडची, घोकंपट्टीची चेष्टा कधीही करू नका. तुम्ही टाळ्या घेऊन जाल, त्या वर्गाला बाईंनाच सांभाळायचंय.

न लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. काहींना सातवीतही सलग लिहिणं जड जातं. अशा मुलाला शेजाऱ्याला सांगून लिहून घेऊ द्या. सांगणाऱ्याचं नाव वर, लिहिणाऱ्याचं खाली. काहीजण आधी चित्र काढतात, मग चित्रातल्या एका कोपऱ्याबद्दल बोलतात. आणि एखादा काहीच करत नसेल तर त्याला बसू द्या. तो ऐकतोय.

आता जरा जड भाग. मुलं मोकळी झाली की कधी कधी कागदावर असं काही येतं की आपला हात थांबतो. मारहाण, दारू, कोणाचा तरी नको असलेला स्पर्श. याची तयारी आधीच हवी. पहिली गोष्ट, कोणत्याही मुलाबरोबर एकट्यानं खोलीत बसायचं नाही. शिक्षक वर्गात असावेतच, हे मी शाळेला आधी सांगते. दुसरी, ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधी द्यायचं नाही. तिसरी, तो कागद वर्गात वाचायचा नाही, आणि घरी नेऊन विचार करत बसायचं नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोलायचं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि ही जबाबदारी पाहुण्या लेखकावरही येते. बाकी अडचणींसाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. तो नंबर मी पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवते, सगळ्यांसाठीच, कोणाकडेही न बघता.

तर तुमच्या पाच तासिका. मुख्याध्यापकांना सांगून चार तासिका दोन-दोन जोडून घ्या, सुट्या पस्तीस मिनिटांत बोलणं आणि लिहिणं दोन्ही मावत नाही. पहिल्या सुट्या तासिकेत अधोरेखित वाक्यं वाचा आणि मारबतीचा खेळ घ्या. पहिल्या जोडतासिकेत कावळा: अर्धा वेळ बोलणं, मग लिहिणं, शेवटी प्रत्येकाचं एक वाक्य. ते कागद पुन्हा घरी, पुन्हा पेन्सिल. शेवटच्या जोडतासिकेत आधीच्या कागदांतला स्वतःला आवडेल तो एक निवडून तो वाढवायचा, आणि शुद्धलेखन बाईंबरोबर. दोन शब्दांच्या चिठ्ठ्या मी राखीव ठेवते, वर्ग थकलेला दिसला तर. हे वेळापत्रक तसंच्या तसं पाळू नका. कावळा दोन तास चालला तर चालू द्या.

शेवटी स्पर्धा घेऊ नका. पहिल्या तिघांना बक्षीस दिलं की ५१ मुलांना कळतं की तुम्हीही तपासायलाच आला होता. त्यापेक्षा हस्तलिखित करा. आपल्या शाळांची ती जुनी, चांगली परंपरा आहे. प्रत्येकाचं एक पान, ज्यानं चार ओळी लिहिल्या त्याच्याही. कागद, पुठ्ठा, झेरॉक्स यांचा खर्च शाळेशी आधी ठरवा. मुलांची पानं आणि फोटो पालकांना न विचारता व्हॉट्सअॅपवर, फेसबुकवर टाकू नका. आणि त्यांच्या कागदावरची एखादी कल्पना कितीही आवडली तरी ती तुमच्या कथेत घेऊ नका. ती त्यांची आहे.

‘परीक्षेला याचा उपयोग काय’ हा प्रश्न मुख्याध्यापक विचारतील, आणि त्यांनी विचारणं बरोबर आहे, त्यांना पालकांना उत्तर द्यायचं असतं. त्यांना सांगा की दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या पत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, कथालेखन-प्रसंगलेखन त्यातच येतं, आणि पाठ केलेला निबंध परीक्षकाला पहिल्या ओळीत ओळखू येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंत, लेखक, कारागीर यांना शाळेत बोलवायची शिफारस आहे, सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचीही आहे. अर्ज करताना या दोन्हींचा उल्लेख उपयोगी पडतो.

पुढच्या वर्षी वेळ तुम्हाला निवडता आली तर जुलै ते दिवाळी हा काळ मागा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, जुलैत वर्ग स्थिरावतात, मग पोळा, मारबत, गणपती असं लिहिण्याजोगं भरपूर घडत असतं. लेखकांना आमंत्रणं मात्र येतात ती जानेवारीतल्या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यात आणि २७ फेब्रुवारीच्या आसपास. तेव्हा दहावीचे वर्ग परीक्षेत आणि बाकीचे स्नेहसंमेलनाच्या शिणातून बाहेर पडत असतात. त्या दिवसांत मी फक्त गोष्ट सांगायला जाते.

मानधनाचं तुम्ही शेवटी संकोचानं विचारलंय. संकोच करू नका, जायच्या आधीच बोला. अनुदानित शाळेकडे या कामासाठी वेगळा पैसा बहुधा नसतो, तिथे मी प्रवासखर्च आणि साहित्य एवढंच मागते. मोठी फी घेणाऱ्या शाळेत पूर्ण मानधन मागते, कागद वाचायचा वेळ धरून, आणि शाल-श्रीफळाऐवजी त्या पैशांत वर्गाच्या पेटीत पुस्तकं ठेवा असं सुचवते. आकडा तुमच्या अनुभवावर आणि शाळेवर ठरेल. पण एका वर्गाच्या सहा तासिकांऐवजी ‘त्याच पैशांत सगळी शाळा सभागृहात बसवतो’ असं म्हणाले, तर त्यांना नम्रपणे सांगा की मग तो कथाकथनाचा कार्यक्रम होईल, लेखनाचा वर्ग होणार नाही, आणि दोन्हींतलं एक त्यांना निवडू द्या.